जिप्सीला नवे पाटे घातले आणि गाडी टांग्यासारखी डुलायला लागली

गुरांची_डॉक्टरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पण पेशंटची हिस्ट्री अर्धवट सांगितली की औषध चुकतं, हे मी रोज बघते, म्हणून सगळंच लिहिते.

गाडी 2005 ची जिप्सी किंग, एमपीएफआय, हार्डटॉप. नऊ वर्षं माझ्याकडे आहे. मी पाटण तालुक्यात गुरांची डॉक्टर. रोजचं फिरणं साठ-सत्तर किलोमीटर, निम्मं बऱ्या रस्त्यावर आणि निम्मं वाड्यावस्त्यांच्या मुरमावर. मागे औषधांची लोखंडी पेटी, गमबूट, दोरखंड आणि कृत्रिम रेतनाचं तीन लिटरचं नायट्रोजनचं कंटेनर. हे कंटेनर म्हणजे भांड्यात भांडं. आतलं भांडं फक्त मानेवर लटकलेलं असतं आणि दोन्हींच्या मधे निर्वात. गचके बसून बसून मान दुखावली आणि निर्वात गेलं, तर उणे 196 अंशांचा नायट्रोजन बघता बघता उडून जातो आणि आतल्या सगळ्या रेतमात्रा वाया. त्यामुळे गाडी उडते ही तक्रार माझ्या कमरेपुरती नाही. कमरेची सवय झाली आहे.

जुने पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) पार बसले होते. मागच्या उजव्या बाजूचा तिसरा पाटा तुटला होता, तो तारेनं बांधून मी एक पावसाळा काढला (हसू नका). दिवाळीनंतर एकदाचे पैसे जमवले आणि एका गॅरेजात गाडी दिली. नाव लिहीत नाही, कारण वाद चालू आहे आणि मला तो मिटवायचा आहे. त्यांनी पॅराबोलिक पाटे बसवले, म्हणजे जुन्या गठ्ठ्याच्या जागी दोन-दोन जाड पाटे, मधे फट. शिवाय चार गॅसचे शॉकअप, नवे शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारे दुवे), नवे रबरी बुश आणि थोडे मोठे टायर. गाडी दीड इंच वर आली. बिल 62 हजार.

आता लक्षणं. स्पीडब्रेकरवर पहिला दणका पूर्वीपेक्षा खरोखर मऊ लागतो, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर गाडी तीन वेळा वर-खाली होते, मोजून तीन. मुरमावर मागून ‘टक्’ असा लोखंडी आवाज येतो, आणि तो चाक खड्ड्यात पडताना नाही, खड्ड्यातून निघून पुढे जाताना. स्टिअरिंग बारीक थरथरतं. आणि कराडच्या बाजूला काँक्रीटच्या पट्ट्यावर तर कहर होतो. सध्या ऊस चालू आहे, म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे तीसच्या वेगानं रांगत जायचं. नेमकी त्या तीसला गाडी पुढे-मागे अशी डोलते की शेजारी बसलेला माझा मदतनीस हातात बादली धरून बसतो. ओव्हरटेक करून पन्नासला गेलं की डोलणं जवळजवळ बंद! वेग वाढवला की बरं वाटतं, हा कुठला आजार?

आणखी एक विचित्र गोष्ट. परवा पेंडेची पोती मागे टाकून नेत होते. भरलेल्या गाडीत तो ‘टक्’ गायब झाला. पण डोलणं वाढलं, तीनाच्या जागी चार-पाच.

गॅरेजवाले आधी म्हणाले, “हजार किलोमीटर चालवा मॅडम, बसतील पाटे.” 1400 झाले. आता म्हणतात याहून कडक शॉकअप घाला, अठरा हजार पडतील. मदतनिसाच्या मते जुनेच पाटे बरे होते. त्याच्या घरी अजून बैलगाडी आहे, तेव्हा धक्क्यांच्या बाबतीत त्याचं मत मी हलक्यात घेत नाही.

अठरा हजार घालू का?

कोरा_चहा

घालू नका. टायरमध्ये हवा किती आहे ते आधी सांगा.

गुरांची_डॉक्टरीण

आत्ता पंपावर बघून आले. चारही चाकांत 35 पीएसआय.

कोरा_चहा

झालं. एक टनाची गाडी आणि 35 ची हवा. टायर बदलले की दुकानवाला सगळ्यांना सारखीच हवा भरतो, मग ती जिप्सी असो नाहीतर सात सीटर. मॅन्युअलमधला आकडा जुन्या मापाच्या टायरचा आहे, पण सुरुवात तिथूनच करा. नंतर खडूनं टायरवर आडवी जाड रेघ मारा आणि सरळ डांबरावर शंभरेक मीटर जाऊन या. रेघ मधोमधच पुसली तर हवा जास्त. कडांना पुसली आणि मधे राहिली तर कमी. सारखी पुसली की तोच तुमचा आकडा. खर्च एक खडू.

डोलणं यानं जाणार नाही. थरथर जाईल.

फोंड्याचा_जिप्सीवाला

डॉक्टर, मी या वाटेनं दोनदा गेलो आहे आणि दोन्ही वेळा खिसा कापून घेतला आहे. माझी 1998 ची सॉफ्टटॉप. मी पुढे जड पाटे घातले होते, कारण दुकानदार म्हणाला, उद्या विंच लावाल, लोखंडी बंपर लावाल, तयारी असू दे. विंच आजतागायत लावलेला नाही. दोन वर्षं अशी गाडी चालवली की बाजारातून अंडी आणायची तर बायको मांडीवर घेऊन बसायची. पाटा कुठल्या वजनासाठी बनवला आहे हे आधी विचारा. कायम दोनशे किलो लादलेल्या गाडीचे पाटे रिकाम्या गाडीला घातले तर ती उडणारच.

पण तुमचं वर्णन माझ्यासारखं नाही. माझ्याकडे पहिला दणकाच डोक्यात जायचा. तुम्ही म्हणता तो मऊ आहे. म्हणून मी नुसता बसून ऐकतो. इथे एक एसटीतले काका असतात, त्यांची वाट बघा.

खड्ड्यातला_फोरमन

आलो. नातवाची शाळा होती.

ताई, मी 33 वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली, त्यातली निम्मी गाडीखालच्या खड्ड्यात. तुम्ही हिस्ट्री चांगली लिहिली आहे, त्यामुळे गाडी न बघताही बरंच बोलता येतं.

पाट्यांचा गठ्ठा म्हणजे नुसती स्प्रिंग नव्हे. गाडी दबली की पाट्यावर पाटा घासतो आणि त्या घासण्यात उडी जिरते. तुमचे जुने पाटे गंजून एकमेकांना धरून बसले होते. म्हणजे शॉकअपचं निम्मं काम ते गंजलेलं लोखंडच करत होतं. जुने शॉकअप मेलेले असते तरी तुम्हाला पत्ता लागला नसता, कारण गठ्ठा गाडीला डोलूच देत नव्हता. त्याची किंमत तुम्ही दणक्यात मोजत होता. बारका खड्डा आला की घासणं सुटतच नाही, पाटा वाकतच नाही, सगळा गचका सरळ चेसिसमध्ये.

पॅराबोलिक पाटा मधे जाड आणि टोकांकडे निमुळता असतो. दोन पाटे मधोमध आणि टोकांनाच टेकतात, बाकी फट. घासणं जवळपास शून्य. म्हणून तुमचा पहिला दणका मऊ झाला, पाट्यांनी त्यांचं काम चोख केलं. पण उडी जिरवायचं काम आता पूर्ण शॉकअपवर आलं. आणि जो शॉकअप जुन्या गठ्ठ्याच्या भरवशावर बनवलेला आहे, तो इथे कमी पडतो. तुमची गाडी तीनदा डोलते ती एवढ्यासाठी. ‘पाटे बसतील’ म्हणजे गाडी काही मिलिमीटर खाली येईल, तेही पहिल्या काही दिवसांत. डोलणं थांबणार नाही. बसून बसून शॉकअपला ताकद येत नाही.

‘गॅसचा आहे म्हणजे कडक आहे’ हे गॅरेजांतलं आवडतं वाक्य. गॅस कडकपणासाठी नसतो. खराब रस्त्यावर दांडी भराभर वरखाली झाली की तेलाला फेस येतो, आणि फेस आला की शॉकअप पोकळ चालतो. तो फेस येऊ नये म्हणून गॅसचा दाब. कडक की मऊ ते आतल्या व्हॉल्व्हवर ठरतं. त्यातही दोन बाजू आहेत. दाबताना किती अडवतो ती एक, आणि ताणताना किती अडवतो ती दुसरी. डोलणं मारायचं तर ताणतानाची बाजू जोरदार हवी. दोन्हीकडून कडक घेतलात तर डोलणं जाईल आणि जुना दणका परत येईल. मग 62 हजार कशाला घातले?

आता तो ‘टक्’. चाक खड्ड्यात आपटताना आवाज आला असता तर मी वरचे रबरी ठोकळे बघा म्हटलं असतं. तुमचा येतो चाक खाली लोंबकळताना. गाडी दीड इंच वर गेली, पण शॉकअप जुन्या लांबीचाच घातला असेल तर गाडी उभी असतानाच त्याची दांडी बरीचशी बाहेर आलेली असते. चाक जरा खाली गेलं की दांडी संपते आणि आत लोखंडावर लोखंड आपटतं. असा शॉकअप फार दिवस टिकत नाही. पोती टाकल्यावर गाडी खाली बसली, दांडी आत गेली, म्हणून आवाज बंद.

पैसे द्यायच्या आधी एक काम घरी करा, फुकट आहे. बहुतेक ठिकाणी गाडी जॅकवर लटकत असतानाच पाट्यांच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल भोकातले) आणि शॅकलचे बोल्ट करकचून आवळतात. त्या वेळी पाटा लोंबकळलेला असतो. नंतर गाडी खाली घेतली की आतलं रबरी बुश पिळवटतं आणि पाट्याला कायम वर ढकलत राहतं. सपाट जागी, चाकांना दगड लावून, गाडी चाकांवरच उभी ठेवून ते बोल्ट सैल करा. गाडी चारदा दाबून हलवा आणि तशीच उभी असताना परत आवळा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, हे सांगायला लागू नये, पण मी सांगतोच.

पाटा ॲक्सलला बांधून ठेवणारे यू-बोल्ट मात्र सैल करायचे नाहीत, ते उलट आवळायचे. नवे पाटे घातल्यावर पाचेकशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. तुमचे कुणी आवळले का?

गुरांची_डॉक्टरीण

काका, कुणी आवळले नाहीत. कुणी सांगितलंही नाही. उद्या सकाळचं पहिलं काम तेच.

म्हणजे मला जे एक दुखणं वाटत होतं ती दोन आहेत. आमच्याकडे असं होतं. व्यालेली गाय बसून आहे, दुग्धज्वर म्हणून कॅल्शियम लावतो, ती उठते, आणि मग कळतं की कासदाहही आहे. पहिलं बरं झाल्याशिवाय दुसरं दिसत नाही.

मामाचा_मुलगा

आरटीओला चालतं का हे सगळं? पासिंगला अडवलं तर?

कोरा_चहा

दुसरा धागा काढ रे बाबा. इथे गाय बसली आहे.

कंप_मोजणारा

मी पुण्यात गाड्यांच्या सस्पेन्शनचंच काम करतो. काकांनी लिहिलं त्यावर माझ्याकडे वेगळं निदान नाही, मोजायच्या दोन पद्धती आहेत. भांडायला गेल्यावर ‘डोलते’ यापेक्षा आकडा बरा.

मदतनिसाला बाजूला मोबाइल घेऊन उभं करा आणि स्पीडब्रेकरवरून जाताना व्हिडिओ काढा. सगळी डोलणी मिळून किती सेकंद लागले ते मोजा. अंगाचं डोलणं सेकंदाला एक ते दोन वेळा असतं. चाकांची आणि ॲक्सलची थरथर वेगळी, ती सेकंदाला दहाच्या आसपास, आणि टायरमध्ये हवा जास्त असली की चेव येतो तो तिला. अंग डोलतंय की पाय थरथरतायत हे आधी वेगळं केलं पाहिजे. तुमच्याकडे दोन्ही आहे.

दुसरं, पेंडेची दोन पोती, म्हणजे शंभर किलो, बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर ठेवा आणि बॉडी किती खाली जाते ते चाकाच्या कमानीपाशी पट्टीनं मोजा. त्यावरून पाटा किती कडक आहे ते निघतं. एक सोपा हिशेब आहे: गाडीच्या वजनानं पाटा जितके सेंटिमीटर दबलेला असतो त्याचं वर्गमूळ काढा आणि 5 ला त्यानं भागा. सेकंदाला किती डोलणी ते उत्तर येतं. पाटा 25 सेंटिमीटर दबत असेल तर सेकंदाला एक, म्हणजे मोठी आरामशीर कार. 6 सेंटिमीटर दबत असेल तर सेकंदाला दोन, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी कामाची गाडी.

आता तीसच्या वेगाचं कोडं. मला तुमच्या पोस्टमधलं हेच सगळ्यात आवडलं. काँक्रीटच्या रस्त्याला आडवे सांधे असतात, साधारण साडेचार मीटरला एक. तीसच्या वेगानं तुम्ही सेकंदाला सव्वाआठ मीटरच्या आसपास जाता, म्हणजे सेकंदाला 1.8 सांधे. गाडीचं स्वतःचं डोलणंही तेवढंच असेल, आणि माझा अंदाज आहे की ते तेवढंच निघणार, तर झोपाळ्याला प्रत्येक फेरीला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. पन्नासला सांधे सेकंदाला तीनाच्या वर जातात, धक्के अवेळी बसतात आणि डोलणं वाढत नाही. तुम्ही बऱ्या होत नाही आहात, झोपाळ्याची लय चुकते आहे एवढंच.

आणि वर-खाली न होता पुढे-मागे का डोलते? जिप्सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 2375 मिलिमीटर. दोन सांध्यांमधल्या अंतराच्या जवळपास निम्मा. पुढची चाकं सांध्यावर असतात तेव्हा मागची स्लॅबच्या मधोमध. पुढचं वर, मागचं खाली, मग उलट. टांगा! या एका बाबतीत तुमचं नशीब फुटकं आहे, त्या रस्त्याची आणि या गाडीची मापंच अशी जुळली आहेत.

पुढे-मागे डोलण्यावरून आठवलं. 1930 च्या दशकात मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये यावर काम केलं. गाडीवर वजनं पुढे-मागे सरकवायची आणि लोकांना बसवून फिरवायचं, असा त्याचा खाक्या. त्यातून निघालं की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा जरा मऊ हवी. म्हणजे पुढचं आधी डोलायला लागलं तरी मागचं घाईनं त्याला गाठतं आणि गाडी सपाट राहते. पुढे जड पाटे घातले की हे गणित उलटं होतं. फोंड्याच्या दादांच्या अंड्यांची कथा तीच.

फोंड्याचा_जिप्सीवाला

वीस वर्षांनी कळलं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, इंग्रज कशाला हवा, मी तेव्हाच सांगत होते.

गुरांची_डॉक्टरीण

रविवारचा अहवाल. सकाळी दोन केसेस झाल्या आणि मग दुपारभर गाडीखाली.

हवा: मॅन्युअलपासून सुरुवात करून खडूनं 26 वर येऊन थांबले. अंगणवाडीच्या बाईंकडून खडू मागून आणला, कशाला हवा ते सांगितल्यावर पोरं बघायला आली. स्टिअरिंगची थरथर गेली. पूर्ण गेली. इतके दिवस मी व्हील बॅलन्सिंगवर संशय घेत होते.

बुश: मागचा उजवा शॅकल बोल्ट सैल केला तेव्हा गाडीनं ‘कट्’ असा आवाज करून सुस्कारा सोडला. खरंच सुस्काराच. चारही सैल करून, गाडी हलवून परत आवळल्यावर मागची बाजू 8 मिलिमीटर खाली आली. पुढे फारसा फरक नाही. यू-बोल्टांचे आठ नट जवळजवळ पाऊण फेरा फिरले. काका, तुम्ही विचारलं नसतं तर काय झालं असतं ते मी रात्री अंथरुणात कल्पना करून बघितलं. नको.

शॉकअपची दांडी: गाडी उभी असताना मागच्या शॉकअपच्या खालच्या डोळ्यापासून वरच्या डोळ्यापर्यंत मोजलं. मग चेसिस ठोकळ्यांवर घेऊन चाक लोंबकळतं ठेवून मोजलं. फरक फक्त 28 मिलिमीटर, तोही बुश सोडवण्याआधी. नंतर 36. पाटा अजून खाली जायला तयार होता, शॉकअप त्याला धरून लटकला होता. पुढच्या बाजूला मात्र 70 च्या वर आहे.

पोती: शंभर किलोला 22 मिलिमीटर. व्हिडिओ: तीन डोलणी, 1.7 सेकंदात.

बुश नीट केल्यावर मुरमावरचा ‘टक्’ कमी झाला आहे, बंद नाही. डोलणं तसंच.

कंप_मोजणारा

वा. असे पेशंट मिळायला हवेत.

तीन डोलणी 1.7 सेकंदात म्हणजे सेकंदाला 1.76. आता पोत्यांवरून बघू. 100 किलोला 2.2 सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजू मिळून सेंटिमीटरला 45 किलो. मागच्या पाट्यांवर ॲक्सल आणि चाकं सोडून बॉडीचं साडेतीनशे किलो धरलं तर दबणं 7.8 सेंटिमीटर. वर्गमूळ 2.8. पाचाला भागून 1.79. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावाला पोचलो.

याचा अर्थ पाटे ठीक आहेत. जिप्सीसारख्या गाडीला 1.8 म्हणजे चांगलंच, ते बदलायचा विचारही नको. आणि भरल्यावर डोलणं वाढतं याचंही उत्तर यातच आहे. पाटा जास्त कडक असता तर वजन टाकल्यावर गाडी सुधारली असती. शॉकअपची ताकद मात्र तेवढीच राहते आणि थांबवायचं वजन वाढतं, म्हणून भरलेल्या गाडीत कमजोर शॉकअप उघडा पडतो.

गॅरेजमध्ये जाऊन ‘आणखी कडक’ हा शब्द उच्चारूच नका. दोन गोष्टी मागा. उंच केलेल्या गाडीसाठीचा लांब शॉकअप, गाडी उभी असताना खाली जायला एकूण चालीच्या निदान एक तृतीयांश जागा राहील असा. आणि पॅराबोलिकबरोबर चालणारा, म्हणजे ताणताना जास्त अडवणारा. आधी फक्त मागचे दोन. अठरा हजारांचे चार त्याच लांबीचे असतील तर ‘टक्’ तिथेच राहील.

खड्ड्यातला_फोरमन

आणि एक. लांब शॉकअप घातला की तो पूर्ण दबल्यावर काय होतं तेही बघायचं. वरचा रबरी ठोकळा आधी लागला पाहिजे, शॉकअप आधी संपता कामा नये. नाहीतर शॉकअप जिथे अडकवतात ते वरचं कानशील तुटतं. समोर उभं राहून दाखवायला सांगा.

आणि नवे शॉकअप आडवे पडून आलेले असतात. गाडीला लावण्याआधी उभे धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून सोडायला लावा, आतली हवा निघून जाते. हे दोन मिनिटांचं काम कुणी करत नाही.

गुरांची_डॉक्टरीण

अकरा दिवसांनी येते आहे, मधे लाळ-खुरकतचं लसीकरण होतं.

वहीत सगळे आकडे लिहून गॅरेजला गेले. मालक आधी वैतागले. मग त्यांचा म्हातारा मिस्त्री पुढे आला, त्यानं वही घेतली, 28 च्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मालकाला म्हणाला, “बरोबर आहे बाईंचं.” तिथे वाद संपला. मागचे दोन परत घेतले, त्याच कंपनीचे उंच गाडीसाठीचे लांब मागवून दिले, फरकाचे 5,400 माझ्याकडून. मी आणखी ताणलं नाही. मिस्त्रीला काकांनी सांगितलं तसं ठोकळ्याचं दाखवायला लावलं. उभे धरून दाबायचं मी सांगण्याआधीच तो करत होता, त्यामुळे मला जरा लाजल्यासारखं झालं.

आता स्पीडब्रेकरवर एक डोलणं आणि दुसरं अर्धवट. ‘टक्’ बंद. पोती टाकून बघितलं, दीड-पावणेदोन. नायट्रोजनचं कंटेनर मी मागच्या ॲक्सलवरून काढून पुढच्या सीटच्या पाठीमागे, जुन्या टायरच्या ट्यूबवर बसवलं आहे. ते डॉक्टरकीतलं शहाणपण, इथलं नव्हे.

ट्रॉलीच्या मागे तीसच्या वेगाला काँक्रीटवर अजून किंचित मान डोलावते. मदतनिसानं बादली धरायचं सोडलं आहे.

कंप_मोजणारा

ती किंचित मान राहणार. साडेचार मीटर आणि 2375 मिलिमीटर दोन्ही आपल्या हातात नाहीत. पंचवीसला जा किंवा चाळीसला.

गुरांची_डॉक्टरीण

ते ट्रॅक्टरवाल्याला सांगा.

खड्ड्यातला_फोरमन

यू-बोल्ट पाचशे किलोमीटरला परत एकदा.

गुरांची_डॉक्टरीण

हो काका. डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली आहे, लसीच्या तारखेसारखी.

मामाचा_मुलगा

मॅडम जुने पाटे विकायचे आहेत का? माझ्या मामाच्या जिप्सीला हवे होते.

गुरांची_डॉक्टरीण

उशीर झाला. गावातला लोहार त्याच आठवड्यात घेऊन गेला, तुटलेल्यासकट. त्यातले बहुतेक आता ऊसतोडीचे कोयते झाले आहेत. एक मलाही दिला आहे. लोखंड चांगलं होतं म्हणे.